पाठीतलं काळीज

“ऊठ की रं! ऊठ! का गोलात गादी आणून टाकू तुला?”

आमचे वस्ताद रेषेबाहेरून ओरडत होते. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाला शिकवणारे ते, आणि त्यांचा आवाज असा की त्यांनी हाक मारली की शेजारच्या पेठेतल्या म्हशी दोन दिवस दूध चोरायच्या. पण गोलात बसलेला माझा धाकटा भाऊ हलला नाही. चेंडू छातीशी धरून, पाय पसरून तो बसला होता, शाळेतलं पोर मधल्या सुट्टीत डबा मांडीवर घेऊन बसतं तसा. नाकातून रक्त येत होतं आणि पांढऱ्या ग्लोव्हजवर टपकत होतं.

फायनल होती आणि मी माइकवर होतो. आमच्याकडं फुटबॉलच्या मॅचला मराठीतून धावतं वर्णन लागतं. लोक खेळ डोळ्यांनी बघत असतात, पण कानांना मसाला नसला तर त्यांना तो अळणी लागतो. तो मसाला वाटायचं काम बरीच वर्षं माझ्याकडं होतं. गोलपोस्टवरून गेलेला चेंडू मी गारगोटीच्या बाजारात पाडलेला आहे, आणि तिथल्या भाजीवालीनं तो कोबी म्हणून विकलेलाही आहे. लोक घरी जाऊन मॅचचा स्कोअर विसरायचे, पण कोबी लक्षात ठेवायचे.

तर भाऊ बसलेला बघून मी माइक तोंडाशी ओढला आणि म्हणालो, “मंडळी, घाबरायचं कारण न्हाय! आपला गोली दोन काळजांचा हाय. त्यातलं एक तापलंय, जरा गार व्हायला ठेवलंय. तवर दुसऱ्यावर गाडी चालू राहील!”

सगळं मैदान हसलं. शिट्ट्या झाल्या. विरुद्ध पार्टीचे लोकसुद्धा हसले. भावानं मान वर करून भोंग्याकडं बघितलं. मी खाली टेबलाशी होतो, पण तो भोंग्याकडं बघत होता, जणू मी तिथं राहतो. मग तो चेंडूसकट आडवा झाला. हसणं लगेच थांबलं नाही. एवढ्या लोकांचं हसणं थांबायला वेळ लागतो, आणि ते पूर्ण थांबेपर्यंत मी काहीच बोललो नाही. माझ्या आयुष्यातली ती पहिली गप्प वेळ.

दोन काळजांची गोष्ट माझीच. ती कशी जन्मली ते सांगायला पाहिजे, कारण या लिखाणात तेवढं एकच काम उरलंय.

आमच्या वडिलांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. आबांच्याकडं गडमुडशिंगीपासून मलकापूरपर्यंतचे शेतकरी विहिरीवरचे पंप घेऊन यायचे. आबांची एक पद्धत होती. मोटर चालू करायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, “बेअरिंग गेलंय.” किंवा म्हणायचे, “मोटर चांगली हाय पावणं, तुमचा पाइप कुठंतरी दाबलाय. पाणी पुढं जाईना म्हणून ती रडत्याय.” पावणा घरी जाऊन बघायचा तर खरंच पाइपवर बैलगाडी उभी असायची. एकदा एकानं शेतातून फोन केला, मोबाइल मोटरीवर ठेवला, आणि आबांनी इथं दुकानात बसून सांगितलं की मोटरीत पाल गेली आहे. पालीची शेपटी तुटलेली आहे हेही सांगितलं असं मी लोकांना सांगायचो. शेपटी माझी. पाल खरी.

मार्च महिन्यातल्या एका दुपारी आम्ही दोघं भाऊ दुकानामागच्या खोलीत गार फरशीवर उघडे पडलो होतो. मी दहाचा, तो आठचा. मोटर-मोटर खेळायचं ठरलं. मी आबा, तो मोटर. तो पालथा झाला, घुर्र घुर्र करायला लागला. मी म्हणालो, “मोटर बंद कर, ऐकू येईना,” आणि त्याच्या पाठीला कान लावला.

दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्याच्या पात्यांच्या, मधोमध, जरा डावीकडं, आवाज येत होता. धडधड नव्हे. धडधड तर सगळ्यांनाच असते. हा आवाज सुस्स... सुस्स... असा होता. बागेला पाणी घालताना नळीवर पाय पडला की पाणी कसं चिरकत जातं, तसा. माझ्या स्वतःच्या पाठीला मला कान लावता येईना, म्हणून मी आईच्या पाठीला लावून बघितला. ती भाकरी थापत होती, तिनं पिठाच्या हातानं धपाटा दिला. तिच्या पाठीत तसलं काही नव्हतं.

मी भावाला सांगितलं, “तुझ्या पाठीत आणखी एक काळीज हाय.”

“खरं?”

“खरं. पुढचं जुनं, मागचं नवीन.”

तो घाबरला नाही. उलट दिवसभर पाठ भिंतीला टेकवून बसेना, नव्या काळजाला लागेल म्हणून. सोमवारी शाळेत त्याच्या वर्गात सगळ्यांना माहीत झालं, बुधवारपर्यंत माझ्या वर्गातली पोरं कान लावायला मधल्या सुट्टीत रांगेत उभी होती. रांग मीच लावली होती.

पुढं तो वाढला, पण वरून वाढला. सतरा-अठराव्या वर्षी त्याचे खांदे असे झाले की दुकानाच्या दारातून तो आडवा आत यायचा. दंड बघून पंप घेऊन आलेले पावणे आबांना म्हणायचे, “मोटर उचलायला क्रेन ठेवलीय व्हय?” आणि खाली पाय मात्र बगळ्याचे. वस्ताद म्हणायचे, “वरचं धड आमच्या तालमीचं हाय रं, खालचं कुणाचं उचलून आणलंयस?” मग त्याला रोज जास्तीच्या बैठका. बैठका मारता मारता त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायचे आणि तो खाली बसायचा. वस्तादांना वाटायचं कामचुकार आहे, मग आणखी शंभर. पाय काही भरले नाहीत.

त्याला खरं तर पुढं खेळायचं होतं, गोल मारायचे होते. पण वीस पावलं पळाला की पाय दगड व्हायचे. मग वस्तादांनी त्याला गोलात उभा केला. तिथं पळायचं काम नाही, हातांचं काम. आणि हात तर काय, देवानं दोन माणसांचे एकाला दिलेले. तीन वर्षांत आमच्या पेठेला असा गोली मिळाला की समोरची पार्टी पेनल्टी मिळाली तरी तोंड पाडून उभी राहायची. हे मी वाढवून सांगत नाही. हे वाढवून सांगायची गरज कधी पडली नाही.

त्याचे पाय कायम गार असायचे. मे महिन्यात तो मोजे घालून झोपायचा. डोकं दुखायचं, कधी कधी इतकं की अंधारात बसायचा. नाकातून रक्त यायचं. आमच्याकडं नाकातून रक्त येणं म्हणजे उष्णता, त्याला दुसरा अर्थच नाही. आई सब्जा भिजवायची, फोडलेला कांदा नाकाशी धरायची. शेजारच्या काकूंनी सांगितलं, तांबडा रस्सा बंद करा. दोन महिने तो नुसता पांढरा रस्सा ओरपत होता आणि ताटाकडं बघून म्हणत होता, “आई, मला एकदा फाशी दे, पण तांबडा वाढ.” गार पायांना आई खोबरेल चोळायची. वर उष्णता आणि खाली गारठा, हे एकाच माणसात कसं, असं घरात कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच. मी माइकवरून सांगत होतो की दोन काळजं असल्यामुळं वरचा मजला गरम राहतो.

आणि मग ती रीत पडली. एका सेमीफायनलआधी आमचा स्ट्रायकर, जो त्या हंगामात मोकळ्या गोलातही चेंडू घालू शकत नव्हता, गमतीनं भावाच्या पाठीला कान लावून मैदानात उतरला. दोन गोल मारले. झालं. पुढच्या मॅचपासून सगळा संघ रांगेत. भाऊ गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचा, जर्सी मानेपर्यंत वर घ्यायची, आणि एकेकानं उजवा कान दोन फऱ्यांच्या मधे टेकवायचा. त्याला गुदगुल्या व्हायच्या. “दाढी करून या की रं जनावरांनो!” असं तो ओरडायचा. शेवटी वस्ताद. वस्ताद टोपी काढून कान लावायचे, देवळात गेल्यासारखे. बदली खेळाडू उशिरा आला तर आधी विचारायचे, “कान लावलास काय?” न लावता कुणी मैदानात जायचं नाही.

मी माइकवरून ही गोष्ट साऱ्या शहरात नेली. मग तालमीबाहेरचे लोक यायला लागले. बारावीचा पेपर असलेली पोरं आली. एकजण नवीन ट्रॅक्टर घेऊन आला आणि ट्रॅक्टरला घालायच्या आधी हार भावाच्या गळ्यात घालून, मागं जाऊन कान लावून गेला. ही तरी थाप असेल असं तुम्हाला वाटेल. ट्रॅक्टर अजून त्याच्याकडं आहे.

आबा मात्र कधी आले नाहीत. वस्ताद एकदा दुकानात येऊन म्हणाले, “अवो, साऱ्या गावानं कान लावला, तुमी बाप असून लावला न्हाय.” आबा मोटरीचं कॉइल गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, “मी मोटरी ऐकतो. माणसं न्हाय.”

फायनलच्या आधीच्या गणपतीत आमच्या मंडळानं मोफत तपासणी ठेवली होती. मांडवात टेबल, टेबलाशी ब्लड प्रेशर बघणारी एक मुलगी. आम्ही दोघं रांगेत होतो, तो पुढं, मी मागं. मुलीनं पट्टा त्याच्या दंडाला लावला तर तो पुरेना, मोठा पट्टा आणला. तिनं एकदा बघितलं. पुन्हा बघितलं. दुसऱ्या हाताला बघितलं. मग त्याला बाजूला पाच मिनिटं बसवून चौथ्यांदा बघितलं आणि चिठ्ठी लिहिली. “तुमच्या वयाला इतकं नसतं,” ती म्हणाली. “मोठ्या डॉक्टरांना दाखवा. लवकर दाखवा, राहू देऊ नका.”

संध्याकाळच्या आरतीला मी तालमीच्या कट्ट्यावर सांगत होतो की भावानं दंड फुगवल्याबरोबर पट्टा फाटला, यंत्राची काच तडकली आणि ती पोरगी टेबलाखाली गेली. लोक पोट धरून हसले. भाऊही हसला. चिठ्ठीची घडी त्यानं पाकिटात घातली. मला वाटलं कुठंतरी पडून जाईल.

फायनल रविवारची होती. त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी मी दुकानामागच्या खोलीत बसून नवीन वाक्यं जुळवत होतो. फायनलसाठी मी एका वहीत आधीच थापा लिहून ठेवायचो. भाऊ आत आला, दार लोटलं, शर्ट काढला आणि माझ्याकडं पाठ करून उभा राहिला.

“दादा, ऐक.”

“आत्ताच? मॅच पुढच्या रविवारी हाय की.”

“चेष्टा न्हाय. नीट ऐक. आधीपेक्षा वाढलाय काय आवाज?”

त्याच्या पाठीवर, बरोबर मधे, ग्रीसचा एक बारका काळा ठिपका होता. आमच्या घरात ग्रीस कुठंही लागतं. मी तो अंगठ्यानं पुसला आणि कान लावला.

आता काय ऐकलं ते सांगतो, आणि यात एक अक्षर जास्त नाही. आवाज वाढला होता. पूर्वी सुस्स व्हायचं, मधे थांबायचं, पुन्हा सुस्स व्हायचं. आता मधलं थांबणं जवळजवळ उरलंच नव्हतं. फऱ्याच्या कडेला कातडीखाली काहीतरी जाडसर वळवळत, ठोके देत होतं, ते माझ्या गालाला लागत होतं. मी कान काढला नाही. त्याच्या पाठीला टेकलेला असताना मला त्याचं तोंड बघावं लागत नव्हतं, तेवढ्यापुरतं बरं होतं.

ज्या माणसानं चेंडूचा कोबी केला त्याच्याकडं त्या वेळी किती शब्द होते बघा. मी एवढंच म्हणालो, “न्हाय. हाय तसाच हाय.”

“खरं?”

“खरं.”

माझ्या सगळ्या आयुष्यातली ही एकच थाप, जिला मी काही नटवलं नाही. का मारली? फायनल होती म्हणून, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. खरं कारण त्याहून हलकं आहे. डॉक्टरकडं गेलो असतो तर माझ्या गोष्टीचा आजार झाला असता. पंधरा वर्षं गावभर मिरवलेलं काळीज एका खोलीत एका माणसानं रोग म्हणून लिहून दिलं असतं, आणि मग माइकवर मी काय बोलणार होतो?

त्यानं शर्ट घातला. हलका झाल्यासारखा दिसला. “मग फायनल झाली की दाखवू,” तो म्हणाला.

“झाली की दाखवू.”

फायनलमध्ये तो आडवा झाल्यावर दवाखान्यात त्याला बघायला ज्या डॉक्टर आल्या त्या वयानं मोठ्या, बोलायला हळू. त्यांनी मनगट धरलं. मग दोन्ही जांघांत बोटं दाबून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पायाच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं. मग आमच्याकडं वळल्या. वस्ताद, स्ट्रायकर, मी, आई, आबा, सगळे दाराशी.

“याच्या पायाची नाडी याआधी कुणी बघितली होती का?”

वस्ताद म्हणाले, “पायाला नाडी असती व्हय?”

काही तपासण्या झाल्यावर त्यांनी आम्हाला बसवलं आणि कागदावर म्हाताऱ्याची काठी काढली, वरून वळलेली. ही शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, म्हणाल्या, महाधमनी. हृदयातून वर निघते, वळते आणि खाली पायांकडं जाते. वळणावरून डोक्याला आणि हातांना फांद्या जातात. त्या फांद्यांच्या लगेच पुढं त्यांनी काठीवर दोन्ही बाजूंनी पेन दाबलं आणि ती तिथं चिमटल्यासारखी बारीक केली. “ही इथं जन्मापासून अरुंद आहे. नळीवर पाय ठेवल्यासारखी. त्यामुळं वर डोक्यात आणि हातांत रक्ताचा दाब भयंकर, आणि खाली पायांना नुसती धार. म्हणून पाय गार, म्हणून गोळे. शरीर मग आडवाटा काढतं. फासळ्यांच्या कडेनं, पाठीतून. त्या वाटा फुगतात. पाठीला कान लावला असता तर आवाज आला असता.”

त्या शेवटचं वाक्य सहज बोलल्या. त्यांना काय माहीत. स्ट्रायकर उठून बाहेर गेला. वस्तादांनी टोपी काढली आणि ती हातात फिरवत बसले. एवढ्या हंगामांत, एवढ्या मॅचच्या आधी, एवढे कान. एकूण एक कान बरोबर जागेवर टेकला होता.

“जन्मापासून म्हणजे माझ्याच पोटातनं घिऊन आलं,” आई म्हणाली. “म्हणजे मीच दिलं.”

“तसं नसतं हो,” डॉक्टर म्हणाल्या. आईनं ऐकलं नाही. तिनं ते कधीच ऐकलं नाही.

मी विचारलं, “दुरुस्त होतंय काय?”

“होतं. फुगा घालून रुंद करतात, जाळी बसवतात, ऑपरेशन करतात. आधी कळलं असतं तर केलं असतं.”

“आता?”

“आता मेंदूतली नस फुटली आहे. आधी ते बघू.”

उठताना आबांनी तो काठीचा कागद मागून घेतला, चार घड्या केल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

चार दिवस मी त्याच्या पायथ्याशी होतो. आळीपाळीनं बसू द्यायचे, माझी पाळी आली की मी पाय चोळायचो. ते गार होते, आणि गार होते म्हणून मला धीर यायचा, कारण ते कायमच गार असायचे. म्हणजे सगळं नेहमीसारखं चाललंय असं वाटायचं. चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला मशीन ओरडलं, लोक आले, मला बाहेर काढलं, मग पुन्हा आत बोलावलं. मी आधी पायच धरले. ते तेवढेच गार होते. मला फरक कळला नाही. तेवीस वर्षांचा माणूस गेला आणि त्याच्या सख्ख्या भावाला त्याचे पाय हातात असून कळलं नाही.

नंतरचं काय सांगू. गोष्टीनं माझी वाट बघितली नाही. कट्ट्यावर लोक बोलायला लागले की त्यानं शेवटचा चेंडू अडवला आणि मगच जीव सोडला. कुणी म्हणालं, पुढचं काळीज थांबल्यावर मागचं तासभर चालू होतं, डॉक्टर चक्रावले. हे एकानं माझ्याच गळ्यात पडून, रडत रडत, मलाच सांगितलं. वाक्यं माझ्या धाटणीची होती. मी त्याच्या पाठीवर थोपटत राहिलो. खोटं आहे म्हणायला तोंड कुठलं आणायचं? संघाचे लोक माझ्याकडं आले, की पुढच्या हंगामात तूच माइकवर पाहिजेस, त्याच्या आठवणी सांग. मी गेलो नाही. वही जाळायला घेतली, तीही धड पेटली नाही.

त्याचं पाकीट आईनं माझ्याकडं दिलं. त्यात ती चिठ्ठी होती. घड्यांवरून कागद विरला होता, उघडताना दोन तुकडे झाले. एकदा घडी घालून ठेवलेला कागद असा विरत नाही. तो तिला पुन्हा पुन्हा उघडत होता.

दिवसकार्य झाल्यावर आबांनी दुकान उघडलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. एक पंप बाकावर घेऊन ते ऐकत होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मोटर चिरकत होती. मी समोर उभा राहिलो आणि मोटरीच्या आवाजातच बोललो, कारण शांततेत मला जमलं नसतं.

“आबा, त्यानं मला इचारलंतं. फायनलच्या आधीच्या रविवारी. पाठीतला आवाज वाढलाय काय म्हणून. वाढला हुता, आबा. लई वाढला हुता. मी न्हाय म्हटलं.”

त्यांनी मारावं असं मला वाटत होतं. हातात लोखंड होतंच. मी मान खाली घालून तशी जागासुद्धा करून दिली. त्यांनी हात लांब करून बटण बंद केलं. मोटर हळूहळू थांबली. त्यांनी स्क्रूड्रायव्हर कानापासून काढला, टोकाला लागलेलं ग्रीस चिंधीनं पुसलं, पुन्हा पुसलं.

“मलाबी इचारलंतं,” आबा म्हणाले. “कान लावून ऐकलं, अन् मीबी न्हाय म्हटलं.”